सवलत वस्तूला की माणसाला? घरखर्चातल्या कराचा हिशेब

बिलावर १८ टक्के कर लिहिलेला असला तरी तुमच्या खिशातून गेलेल्या पैशांत कर १८ टक्के नसतो. शंभराच्या वस्तूवर १८ चढले की ११८ होतात, आणि ११८ मधले १८ म्हणजे १५.२५ टक्के. गोष्ट साधी आहे, पण घरचा कर मोजायला बसलेली बहुतेक माणसं पहिली चूक इथेच करतात. महिन्याचा एकूण खर्च १८ टक्क्यांनी गुणतात, भलताच आकडा काढतात आणि तो घेऊन वाद घालायला जातात. राग रास्त असेलही, पण समोरचा पहिल्याच वाक्यात आकडा खोडून काढतो आणि मूळ मुद्दा तिथेच संपतो.

म्हणून हे सूत्र लक्षात ठेवा: कराचा दर भागिले (शंभर अधिक दर). दर ५ असेल तर मोजलेल्या पैशांतले ४.७६ टक्के कराचे, १० असेल तर अकरावा हिस्सा, २० असेल तर सहावा, २५ असेल तर पाचवा. डेन्मार्कमध्ये व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, २५ टक्के आहे. तिथलं कुटुंब व्हॅट लागू असलेल्या खरेदीवर पाच क्रोन मोजतं तेव्हा त्यातला एक कराचा असतो.

हेच सूत्र कर कमी झाल्यावरही वापरायचं. दर १८ वरून ५ वर आला की लोक किंमत १३ टक्क्यांनी उतरायची वाट पाहतात. ती उतरायला हवी ११८ वरून १०५ वर, म्हणजे ११ टक्क्यांनी. दुकानदाराने ११ टक्के कमी केले असतील तर त्याने सगळा फायदा तुम्हाला दिला आहे. त्याने खरंच दिला का हे तपासायचं असेल तर जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवा आणि करपूर्व किंमत बघा. कर उतरला त्याच आठवड्यात करपूर्व किंमत चढलेली दिसली, तर करकपात कुणाच्या खिशात गेली ते तिथेच कळतं.

घरचा हिशेब मांडायला एका महिन्याची सगळी बिलं पुरतात, पण सणासुदीचा किंवा लग्नाचा महिना धरू नका. बिलांचे चार ढीग करा. ज्या खरेदीवर दर छापलेला आहे ती पहिल्यात. पेट्रोल, डिझेल, दारू, तंबाखू दुसऱ्यात, कारण त्यांच्यावर बहुतेक देशांत लिटरमागे किंवा नगामागे ठरलेलं शुल्क असतं आणि वरचं सूत्र तिथे चालत नाही. बिलावर कर दिसतच नाही असे खर्च, म्हणजे बऱ्याच ठिकाणी घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, हे तिसऱ्यात. वर्षातून एकदाच येणारी देणी, म्हणजे मालमत्ता कर, वाहनाचा कर, विम्याच्या हप्त्यावरचा कर, हे चौथ्यात. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि ती रक्कम दर महिन्याच्या खर्चात धरा. ही रक्कम बाजूला न काढल्यामुळे ऐन वेळी क्रेडिट कार्डावर मालमत्ता कर भरणारी घरं पुष्कळ आहेत, आणि मग कराहून व्याज जड होतं.

मांडताना कुठे चुकतं तेही सांगतो. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल हा त्या महिन्याचा करपात्र खर्च नव्हे. वस्तू घेतली तेव्हाच तिच्यावरचा कर लागून गेला होता, तो पुन्हा मोजायचा नाही. बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकलेले पैसेही खर्चात येत नाहीत. उलट, घरपोच पोहोचवण्याचा आकार, बांधणीचा आकार असल्या बारीक ओळींवरही अनेकदा कर असतो आणि तो सुटतो. एकाच बिलावर दोन-तीन दर असतील तर सरासरी काढत बसू नका, ओळीनुसार मोजा. पहिल्या महिन्याला तास-दोन तास जातात, पुढच्या महिन्यांना वीस मिनिटं पुरतात.

कर किमतीत मिसळलेला असला की तो जाणवत नाही, हे नुसतं म्हणणं नाही. अमेरिकेत विक्रीकर गल्ल्यावर वेगळा चढतो, फळीवरच्या किमतीत नसतो. तिथल्या एका दुकानात अर्थशास्त्रज्ञांनी काही वस्तूंच्या चिठ्ठीवर करासह किंमत लिहून पाहिली, तेव्हा त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कर तेवढाच होता, फक्त वेळेवर दिसला. ऑस्ट्रेलियात याच्या उलट, करासह किंमत दाखवणं दुकानदारावर बंधनकारक आहे. ग्राहकाची फसगत त्याने टळते, पण कर किती ते मात्र झाकलं जातं. फळीवर करासह किंमत आणि पावतीवर कराची वेगळी ओळ, अशी दोन्हींची सक्ती असावी. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

आता तिसऱ्या ढिगाकडे या, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. ‘करमाफ’ म्हटलं की कर नाही असं वाटतं. व्हॅट किंवा जीएसटीच्या पद्धतीत तसं नसतं. ही पद्धत १९५४ साली फ्रान्समध्ये मॉरिस लोरे यांनी उभी केली. तिचा गाभा असा: प्रत्येक विक्रेता आपल्या विक्रीवर कर गोळा करतो, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो आणि उरलेला सरकारला भरतो. या वजावटीलाच आपण इनपुट क्रेडिट म्हणतो. त्याआधीचे उलाढाल कर प्रत्येक टप्प्यावर संपूर्ण किमतीवर लागायचे, म्हणजे करावर कर बसायचा, आणि तो टाळायला कारखाने एकमेकांना गिळून सगळे टप्पे एकाच छताखाली आणायचे.

एखादा विक्रेता ६० ची सामग्री आणतो, तिच्यावर १८ टक्क्यांनी १०.८० कर भरतो, आणि स्वतःची मेहनत-नफा धरून ४० ची भर घालतो. त्याच्या सेवेवर १८ टक्के कर असेल तर त्याला १०.८० परत मिळतात आणि तुम्ही ११८ देता. सेवा करमाफ केली तर तुमच्याकडून कर घ्यायचा नाही, पण त्यालाही वजावट मिळत नाही. ते १०.८० तो किमतीत मिसळतो आणि तुम्ही ११०.८० देता. सेवेवर ५ टक्के कर लावून वजावट चालू ठेवली तर तुम्ही १०५ देता. शून्य दर लावला, म्हणजे कर नाही पण वजावट परत मिळते, तर १००.

म्हणजे ‘करमाफ’ सेवा ५ टक्के करवाल्या सेवेपेक्षा महाग पडू शकते, आणि बिलावर मात्र कर शून्य दिसतो. जिथे विक्रेत्याची सामग्री थोडी आणि माणसांची मेहनत जास्त, तिथे हा छुपा कर कमी. जिथे यंत्रं, इमारत, बाहेरून घेतलेल्या सेवा जास्त, तिथे मोठा. दवाखाना हे दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आहे. म्हणून एखादी सेवा ‘करमुक्त’ झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारा: शून्य दर दिला की नुसती माफी? तिसऱ्या ढिगातल्या छुप्या कराचा नेमका आकडा घरबसल्या काढता येत नाही. पण तो शून्य धरणं हीही चूकच.

इंधनाच्या ढिगाची गंमत निराळी. लिटरमागे ठरलेलं शुल्क मूळ भाव उतरला तरी उतरत नाही. मूळ भाव ४०, शुल्क ३०, त्या ७० वर २० टक्के व्हॅट, मिळून ८४. मूळ भाव २५ टक्क्यांनी पडून ३० झाला तर तुमचा भाव होतो ७२, म्हणजे १४ टक्केच उतरतो. शिवाय शुल्काच्या ३० वरही ६ व्हॅट लागलेला आहे, हा करावरचा कर. भाव चढताना हेच शुल्क धक्का थोडा मऊ करतं, हे खरं. घरखर्चाला जास्त लागणारी गोष्ट पुढे आहे: मालवाहतूकदाराला डिझेलवरच्या कराची वजावट मिळत नसेल तर तो कर भाड्यात, भाड्यातून प्रत्येक वस्तूच्या किमतीत जातो आणि त्या किमतीवर पुन्हा कर लागतो. भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, तो प्रश्न हाच. प्रदूषणासाठी इंधनावर कर हवाच, माझं त्याबद्दल दुमत नाही. तो वेगळा, उघड, प्रदूषणाच्या मापाने लावावा. बाकीचा कर वजावटीच्या साखळीत आणावा.

उत्पन्नाच्या बाजूलाही एक कर असतो, तो कुणी जाहीर करत नाही. समजा १०० पर्यंत उत्पन्न माफ आणि त्याच्या वरच्या उत्पन्नावर २० टक्के. तुमचं उत्पन्न १२०, कर ४, म्हणजे ३.३ टक्के. पाच वर्षं दर साल ६ टक्के महागाई, पगारही नेमका तेवढाच वाढला. उत्पन्न झालं १६०.६, त्याने बाजारातून येतं तेवढंच जेवढं आधी १२० मध्ये येत होतं. माफीची मर्यादा मात्र १०० वरच. कर १२.१, म्हणजे ७.५ टक्के. दर कुणी वाढवला नाही, विधिमंडळात चर्चा झाली नाही, आणि कराचा भार दुपटीहून वर गेला. अमेरिकेत १९८५ पासून उत्पन्नाचे टप्पे महागाईनुसार आपोआप सरकतात. ब्रिटनने मर्यादा १२,५७० पौंडांवर नेऊन २०२१ पासून गोठवून ठेवली, आणि महागाई उसळली त्या वर्षांत लाखो माणसं न हलता करात किंवा वरच्या टप्प्यात गेली. टप्पे महागाईला जोडणं हे कायद्यातलं एक वाक्य आहे. अर्थमंत्र्यांना ते नको असतं, कारण दर वर्षी ‘सवलत’ जाहीर करायची संधी त्याने जाते.

मुद्रांक शुल्काबद्दल थोडक्यात: घर विकत घेताना एकदम बसणारा हा कर माणसाला नोकरीच्या गावी हलू देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने २०१२ पासून वीस वर्षांत तो हळूहळू काढून जमिनीवरचा वार्षिक कर वाढवायला घेतला. दिशा बरोबर आहे. ज्याने कालच शुल्क भरलं त्याच्यावर दुहेरी भार पडू नये म्हणूनच एवढा लांबचा काळ घ्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न: सवलत वस्तूला द्यावी की माणसाला? खरेदीवरचा कर गरीब घराला जास्त लागतो असं म्हणतात, ते आकड्यांत बघू. पहिल्या घराचं उत्पन्न १००, सगळं खर्च होतं: ४० अन्नावर, ज्यावर ५ टक्के कर, २० भाडं, करमाफ (त्यातला छुपा कर सोपेपणासाठी सोडून देऊ), ४० इतर, १८ टक्के. किमतीतला कर अन्नावर १.९०, इतरांवर ६.१०. मिळून ८, उत्पन्नाच्या ८ टक्के. दुसऱ्या घराचं उत्पन्न ५००, खर्च २५०: अन्न ६०, भाडं ६०, इतर १३०. कर अन्नावर २.८६, इतरांवर १९.८३, मिळून २२.६९. रक्कम जवळजवळ तिप्पट, पण उत्पन्नाच्या ४.५ टक्केच, कारण अर्धं उत्पन्न बाजारात आलेलंच नाही. ती बचत पुढे कधीतरी खर्च होईल तेव्हा तिच्यावरही कर लागेल, असं काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण महिनाअखेर उधारी करणाऱ्या घराला दुसऱ्याच्या वीस वर्षांनंतरच्या कराचा उपयोग नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे अन्नावरचा कर काढून टाका. तोच आकड्यांत घाला. पहिल्या घराला १.९० मिळाले, दुसऱ्याला २.८६. गरिबासाठी दिलेली सवलत श्रीमंताला दीडपट मिळाली, कारण सवलत खर्चाच्या मापाने जाते आणि खर्च त्याचा मोठा आहे. सरकारने गमावले ४.७६. तेच ४.७६ दोन्ही घरांत समान वाटले असते तर प्रत्येकी २.३८. पहिलं घर कर भरूनही पुढे राहिलं असतं. फक्त पहिल्याला दिले असते तर अडीचपट.

आणि ही वस्तूवरची सवलत ग्राहकापर्यंत पोहोचतेच असं नाही. फ्रान्सने जुलै २००९ मध्ये उपाहारगृहांवरचा व्हॅट १९.६ वरून ५.५ केला. आपल्या सूत्राने किमती ११.८ टक्क्यांनी उतरायला हव्या होत्या. त्या जवळपासही गेल्या नाहीत, आणि फायद्याचा सगळ्यात मोठा वाटा मालकांकडे राहिला. फिनलंडमध्ये केस कापण्यावरचा व्हॅट जानेवारी २००७ मध्ये २२ वरून ८ झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये ८ वरून २३. दोन्ही वेळच्या किमती अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा वाढीचा परिणाम कपातीच्या सुमारे दुप्पट निघाला. कर वाढला की बिल लगेच वाढतं, उतरला की उतरायला तयार नसतं, हा घरोघरचा अनुभव त्यात मोजून निघाला.

वेगवेगळ्या दरांमुळे हद्दीचे तंटेही उभे राहतात. ब्रिटनमध्ये केकला शून्य दर आणि चॉकलेट लावलेल्या बिस्किटाला पूर्ण दर. त्यामुळे ‘जाफा केक’ नावाचा चॉकलेट लावलेला खाऊ हा केक की बिस्किट, यावर १९९१ मध्ये न्यायाधिकरणाला निवाडा द्यावा लागला, केक ठरला. जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून तोच पदार्थ दुकानात बसून खाल्ला तर १० टक्के, घरी नेला तर ८. अशा प्रत्येक हद्दीवर वकील, सल्लागार आणि निरीक्षक बसतात, आणि त्यांचा खर्च शेवटी किमतीतच येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दर कमीत कमी, जवळजवळ सगळ्या वस्तू करात, आणि सवलत माणसाला रोख. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर १९८६ ला जीएसटी आणला तेव्हा अन्नासकट जवळजवळ सगळ्यांवर एकच १० टक्के दर लावला आणि त्याच वेळी प्राप्तिकर कमी करून मुलं असलेल्या कुटुंबांची मदत वाढवली. कॅनडाने १९९१ मध्ये जीएसटीबरोबरच कमी उत्पन्नाच्या घरांना परतावा सुरू केला. तो वर्षातून चार वेळा खात्यात येतो आणि उत्पन्न वाढेल तसा कमी होत जातो. सिंगापूरने २०१२ पासून अशा भरपाईची कायमची योजना केली, त्यातला एक भाग वीज-पाण्याच्या बिलातच वळता होतो. कोलंबियाने २०२० पासून गरीब घरांना व्हॅटची भरपाई थेट द्यायला घेतली.

परतावा फसतो तो बारकाव्यांत. कॅनडात तो मिळायला विवरणपत्र भरावं लागतं. ज्यांना तो सगळ्यात जास्त हवा त्यांच्यातलेच अनेक जण ते भरत नाहीत. शिवाय तो मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून या वर्षी नोकरी गेलेल्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. म्हणून परतावा आधी सगळ्यांना सारखा, माणशी द्यावा आणि जास्त उत्पन्नवाल्यांकडून प्राप्तिकरात परत घ्यावा. चौकशी श्रीमंताची होऊ द्या, गरिबाची नको. तो वर्षातून एकदा न देता महिन्याला द्यावा, कारण कर दर आठवड्याच्या खरेदीत जातो. नवं मूल जन्माला आलं की जन्मनोंदणीवरून नाव आपोआप चढावं.

आणि रक्कम कायद्यात आकड्याने लिहू नये. वरचंच उदाहरण घ्या: परतावा २.३८ वर गोठवला आणि अन्नाच्या किमती दर साल ६ टक्क्यांनी वाढल्या, तर पहिल्या घराचा अन्नावरचा कर १.९० वरून चौथ्या वर्षी २.४० वर जातो. म्हणजे चारच वर्षांत परतावा करापेक्षा कमी पडायला लागतो आणि त्यानंतर दर वर्षी फरक वाढतच जातो. त्यामुळे जिथे कराचा दर लिहिला आहे त्याच कलमात परतावा लिहावा, सूत्राच्या रूपात: दर बदलला की परतावा बदलेल, अन्नाचा निर्देशांक चढला की त्याच तिमाहीत परतावा चढेल, वेगळा आदेश लागणार नाही.